कागदावर उतरेल तेवढंच खरं

पोरांनो, पोरींनो, तुमच्यातल्या कित्येकांच्या घरात काळा कोट घालणारे तुम्हीच पहिले असणार आहात. करी रोडच्या चाळीतून वकील तयार होतात, याचा मला तुमच्या आईवडिलांइतकाच आनंद आहे. या वस्तीला कोर्ट मात्र नवं नाही. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा गिरणगावातल्या कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन परतले, हायकोर्टात वकिली करू लागले, तेव्हा त्यांचं बिऱ्हाड परळच्या बीआयटी चाळीत होतं आणि कचेरी दामोदर हॉलमध्ये. १९८२ च्या गिरणी संपानंतर किती घरांनी लेबर कोर्टाच्या तारखा मोजल्या, ते तुमच्या आजोबांना विचारा. आज पागडीची खोली, पुनर्विकास, मारामारीची केस, नवऱ्याने टाकलेली बाई, असं काही ना काही घेऊन माणसं कोर्टात उभी आहेतच.

या माणसांना केस चालवणारा वकील हवा असतो. अर्ज लिहिणारे आणि तारीख घेणारे पुष्कळ मिळतात. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिल्यावर त्याच्याकडून काय काढायचं आणि काय काढायचं नाही, हे जाणणारे कमी. कॉलेजात तुम्ही मूट कोर्ट करता ते चांगलंच आहे. पण मूटमध्ये घटना छापून हातात मिळते आणि तुम्ही फक्त कायद्यावर बोलता. खालच्या कोर्टात घटना काय घडली हेच सिद्ध करायचं असतं. ती घटना साक्षीदाराच्या तोंडून कागदावर उतरते आणि पुढे हायकोर्ट असो की सुप्रीम कोर्ट, तोच कागद वाचला जातो. तुमचा आवाज, हावभाव, तुमची तळमळ, यातलं काहीही वर जात नाही. मी सांगते ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी मागच्या बाकावर बसा

कोर्ट सर्वांना खुलं असतं. लैंगिक अत्याचारासारखी बंद दाराआड चालणारी प्रकरणं सोडली, तर तुम्हाला कोणी अडवत नाही. भोईवाडा, शिवडी, माझगाव ही कोर्टं आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. भाडेकरूंच्या केसेस पाहायच्या तर धोबीतलावचं लघुवाद न्यायालय आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे तुमच्या प्रात्यक्षिकाच्या १०० गुणांपैकी ३० गुण दोन खटले, एक दिवाणी आणि एक फौजदारी, प्रत्यक्ष पाहून केलेल्या नोंदींना आहेत. ही वही मागच्या वर्षीच्या मुलाकडून उतरवून काढू नका. तसं करणारा तीस गुण मिळवतो आणि शिकायची संधी घालवतो.

बसलात की पानाचे दोन भाग करा. डावीकडे वकिलाचा प्रश्न, उजवीकडे साक्षीदाराचं उत्तर. संध्याकाळी घरी प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, की हा प्रश्न कशासाठी विचारला असेल. उत्तर सापडलं नाही, तर कदाचित त्या वकिलालाही ते ठाऊक नव्हतं. महिनाभर असं केलंत, की कोणता प्रश्न कामाचा आणि कोणता नुसता आवाजाचा, हे कानाला कळायला लागेल.

कोर्टातल्या पट्टेवाल्यापासून शिरस्तेदारापर्यंत सगळ्यांशी अदबीने वागा. बोर्डावर केस कधी निघेल, रोजनाम्यात काय लिहिलंय, मुद्देमाल कुठे आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं.

फाइल वाचा, मग जागेवर जा

पहिल्या वाचनात गोष्ट समजून घ्या. दुसऱ्या वाचनात तारीखवार आणि वेळवार तक्ता करा: घटना कधी, फिर्याद कधी, पंचनामा कधी, जबाब कधी, दवाखान्यातला कागद कधीचा. घटना रात्रीची, आणि डोळ्यांनी पाहिलं म्हणणाऱ्याचा जबाब आठवड्याने घेतलेला, हे तक्त्यात लगेच दिसतं. नुसतं वाचताना निसटतं. तिसऱ्या वाचनात प्रत्येक साक्षीदाराचं वेगळं पान काढा. तो कशासाठी येतोय, त्याचा आपल्याला उपयोग काय आणि धोका काय, एवढंच त्यावर लिहा.

मग जागेवर जा, आणि घटना घडली त्याच वेळी जा. साक्षीदार म्हणत असेल की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खालच्या बोळातलं पाहिलं, तर त्या गॅलरीत उभं राहा. मध्ये पत्र्याची शेड येते का? दिवा कुठे आहे? वाळत घातलेले कपडे आड येतात का? पंचनाम्यातल्या दिशा आणि अंतरं स्वतः पडताळा. चाळ तुम्हाला माहीत आहे, हे तुमचं बळ आहे. मोठ्या ऑफिसातून आलेल्या वकिलाला दोन खोल्यांमधल्या भिंतीतून काय ऐकू येतं, ते कळणार नाही. तुम्हाला कळतं. ते ज्ञान प्रश्नात आणा.

अशिलाचं ऐका, त्याला पढवू नका

अशील पहिल्यांदा बोलतो तेव्हा त्याला मध्येच तोडू नका. तो मालवणीत बोलेल, साताऱ्याकडच्या बोलीत बोलेल, मामाच्या लग्नापासून सुरुवात करेल. बोलू द्या. त्याचं संपल्यावर प्रश्न विचारा, आणि त्याच्या विरोधात जाणारी गोष्ट सगळ्यात आधी विचारा. ती समोरच्या वकिलाला आज ना उद्या कळणारच आहे. तुम्हाला आधी कळली पाहिजे. त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं कायद्याने सुरक्षित असतं, हे त्यालाही समजावून सांगा, म्हणजे तो मोकळा होतो.

साक्षीदाराची तयारी म्हणजे कोर्टात कुठे उभं राहायचं, प्रश्न पुरता ऐकायचा, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायचं, एवढं सांगणं. काय बोलायचं ते शिकवणं हे पाप आहे आणि मूर्खपणाही. पाठ केलेली साक्ष दुसऱ्याच प्रश्नाला अडखळते.

सरतपासणी: तुम्ही गप्प, साक्षीदार बोलता

आपल्या साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारता येत नाहीत. 'आरोपीने तुम्हाला काठीने मारलं ना?' असं विचारलंत की समोरचा वकील हरकत घेणार. नाव, पत्ता, वाद नसलेल्या गोष्टी, एवढ्यापुरती सवलत असते. म्हणून कोण, काय, कुठे, कधी, कसं, या शब्दांनी प्रश्न सुरू करा. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. आधी जागा उभी करा, मग माणसं आणा, मग घटना घडू द्या.

दिवाणी दाव्यात सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते. तिथे वकील स्वतःची भाषा साक्षीदाराच्या तोंडी घालतात आणि उलटतपासणीत साक्षीदार उघडा पडतो. चाळीतली म्हातारी 'सदर मिळकतीचा वहिवाटदार' असं बोलत नाही. 'या खोलीत लग्न होऊन आले, तेव्हापासून राहते, भाड्याच्या पावत्या सासऱ्यांच्या नावावर आहेत' असं ती बोलते. तेच लिहा. भाडेपावती, लाइटबिल, रेशनकार्ड, जे असेल ते त्या वाक्याशेजारी जोडा.

उलटतपासणीची सुरुवात शेवटापासून

उलटतपासणीचा कागद हातात घेण्याआधी तुमचा शेवटचा युक्तिवाद लिहून काढा. त्यात जी वाक्यं तुम्हाला म्हणायची आहेत, त्यांना आधार देणारी उत्तरंच साक्षीदाराकडून हवीत. बाकीचे प्रश्न गाळा.

प्रश्न छोटा असू द्या. त्यात एकच घटना, आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच. 'तुम्ही त्या रात्री गॅलरीत होता.' 'गॅलरीतला दिवा बंद होता.' 'खाली बोळात पाच-सहा माणसं होती.' 'ती सगळी धावत होती.' इथे थांबा. 'मग तुम्ही आरोपीला ओळखलंत कसं?' हे विचारू नका. तो म्हणेल, 'लहानपणापासून त्याची चाल ओळखतो,' आणि तुम्ही स्वतःच्या हाताने त्याची साक्ष पक्की केलेली असेल. 'का' आणि 'कसं' हे शब्द सरतपासणीचे. उलटतपासणीत ते साक्षीदाराला बोलायची मोकळीक देतात. निष्कर्ष युक्तिवादासाठी राखून ठेवा.

प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायलाच हवी असं नाही. तुमच्या विरोधात काही न बोललेल्याला सोडून द्या. पण जी गोष्ट तुम्हाला मान्य नाही, ती त्या साक्षीदारापुढे मांडलीच पाहिजे. उलटतपासणीत न विचारलेली गोष्ट तुम्ही मान्य केली, असं कोर्ट धरू शकतं. तुमच्या बचावाची बाजू सजेशनच्या रूपात द्या. 'हे म्हणणे खरे नाही' असं उत्तर येईल, येऊ द्या. तुमची बाजू काय होती, ते कागदावर आलं.

विसंगती हाताने काढायला शिका

इथे सगळ्यात जास्त सराव करा, कारण फौजदारी केस बऱ्याच वेळा इथेच ठरते आणि नवे वकील इथेच चुकतात.

समजा, साक्षीदार कोर्टात म्हणाला, 'आरोपीच्या हातात चाकू होता.' पोलिसांकडच्या त्याच्या जबाबात 'काठी होती' असं आहे. ही सरळ विसंगती. जबाबात हत्याराचा उल्लेखच नसेल, तर ती वगळणूक. कोर्टात सगळे तिला ओमिशनच म्हणतात. दोन्हीची पायरी-पायरीने मांडणी असते.

पहिली पायरी: तो कोर्टात जे बोलला, ते त्याच्याकडून पुन्हा पक्कं करून घ्या. दुसरी: पोलिसांनी जबाब घेतला, तेव्हा घटना ताजी होती, हे वदवून घ्या. तिसरी: जबाबातला नेमका मजकूर, तुमच्या शब्दांत नव्हे तर जसाच्या तसा, त्याला वाचून दाखवा आणि विचारा की असं सांगितलं होतं का. 'हो' म्हणाला तर काम झालं. 'नाही' म्हणाला, तर त्या मजकुराला कंस करून 'पोर्शन अ' अशी खूण करायला कोर्टाला विनंती करा. चौथी पायरी पुष्कळजण विसरतात: तपासी अंमलदार साक्षीला येतो, तेव्हा त्याला विचारायचं की साक्षीदाराने हा मजकूर तसाच सांगितला होता का. तो 'हो' म्हणाला, की ती विसंगती सिद्ध होते आणि निशाणी पडते. ही चौथी पायरी राहिली, तर आधीच्या तिन्हींचा काडीचाही उपयोग नाही.

ओमिशनच्या बाबतीत साक्षीदार बहुतेक एकच वाक्य म्हणतो: 'मी पोलिसांना सांगितलं होतं, जबाबात का लिहिलं नाही याचं कारण मला सांगता येणार नाही.' ते तसंच नोंदवून घ्या, आणि अंमलदाराकडून 'साक्षीदाराने चाकूबद्दल सांगितलं नव्हतं' हे काढा.

पोलिसांपुढचा जबाब हा स्वतः पुरावा नसतो. तो कशासाठी वापरता येतो आणि कशासाठी नाही, हे तहसीलदार सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९५९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने उलगडून सांगितलंय. तो निकाल मुळातून वाचा. आणि लक्षात ठेवा, प्रत्येक फरक कामाचा नसतो. शर्ट निळा की काळा, सव्वानऊ की साडेनऊ, असल्या फरकांनी केस पडत नाही. कोणी, कशाने, कुठे मारलं, यात फरक असेल तर तो धरा.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा १८७२ चा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पूर्वीच्या जबाबाने खोडण्याचं जुनं कलम १४५ आता १४८ झालंय. फौजदारी प्रक्रियेतली जुनी १६१ आणि १६२ ही कलमं नागरिक सुरक्षा संहितेत १८० आणि १८१ झाली. निकाल जुन्या आकड्यांत आहेत, नव्या केसेस नव्या आकड्यांत चालणार. दोन्ही पाठ करा.

कागदावर काय उतरतंय ते पाहत राहा

साक्षीदार बोलतो, न्यायाधीश सांगतात, स्टेनो टाइप करतो. या तीन टप्प्यांत शब्द बदलू शकतो. साक्षीदार मराठीत 'ढकललं' म्हणतो आणि कागदावर 'मारलं' या अर्थाचा इंग्रजी शब्द येतो. तुमचा पुढचा प्रश्न डोक्यात घोळत असेल, तर हे तुमच्या लक्षातही येणार नाही. प्रत्येक उत्तर उतरून झाल्यावर ते ऐका आणि फरक असेल तर तिथल्या तिथे, नम्रपणे पण ठामपणे निदर्शनास आणा. १९०८ च्या खटल्यात केसरीतले लेख ज्युरीपुढे भाषांतरातून गेले होते आणि टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी स्वतः घेतली होती, ती याचसाठी.

साक्षीदार हाताने दाखवून 'एवढ्या अंतरावर' म्हणाला, तर कागदावर फक्त 'एवढ्या अंतरावर' उरतं. 'म्हणजे अंदाजे दहा फूट का?' असं विचारून फुटांत आणा. मान हलवली तर 'हो की नाही, तोंडाने सांगा' म्हणा. साक्षीदार उत्तर द्यायला फार वेळ घेत असेल, गोंधळत असेल, तर कोर्टाला त्याची नोंद घ्यायची विनंती करा. साक्षीदाराच्या वागणुकीची नोंद करायची तरतूद कायद्यातच आहे.

वस्तू आणि मोबाइल

माणसं विसरतात, वस्तू विसरत नाहीत. १९५९ च्या नानावटी खटल्यात बचावाचं म्हणणं होतं की झटापटीत गोळ्या सुटल्या. पण त्या गोळ्यांनी मेलेल्या आहुजाच्या अंगावर आंघोळीनंतर गुंडाळलेला टॉवेल सुटलेला नव्हता. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटीला निर्दोष ठरवलं, सेशन्स जज्जांनी तो कौल न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. तो टॉवेल सुप्रीम कोर्टाच्या निकालातही आहे. म्हणून मुद्देमालाची यादी वाचताना विचारा: खरंच असं घडलं असतं, तर ही वस्तू कशी दिसली असती?

हल्ली सीसीटीव्ही आणि व्हॉट्सअॅप प्रत्येक केसमध्ये असतं. त्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. पहिला भाग ते सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने जुन्या ६५-ब खालचं प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. प्रमाणपत्र आधी मागा, चित्रफीत नंतर पाहा.

माणसाची अब्रू राखा

पिंजऱ्यातली बाई तुमच्या आईच्या वयाची असो की तुमच्या बहिणीच्या, तिचं चारित्र्य हा तुमचा विषय नाही. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये पीडितेच्या चारित्र्यावर किंवा पूर्वसंबंधांवर प्रश्न विचारायला कायद्याने बंदी आहे. अपमान करण्यासाठी किंवा छळण्यासाठी विचारलेला प्रश्न कोर्ट रोखतं. आवाज चढवून जिंकलेली उलटतपासणी मी पाहिलेली नाही. शांत आवाजात विचारलेले नेमके प्रश्नच कागदावर टिकतात.

घरी सराव असा करा

सहा जण जमा. मंडळाची खोली किंवा कोणाची गच्ची चालेल. मारामारीची साधी केस घ्या: एक फिर्याद, दोन जबाब, एक पंचनामा, एक दवाखान्याचा कागद. दोन जबाबांत मुद्दाम एक मोठी विसंगती आणि दोन किरकोळ फरक ठेवा. एक न्यायाधीश, एक सरकारी वकील, एक बचावाचा, दोन साक्षीदार. सहावा माणूस सगळ्यात महत्त्वाचा: स्टेनो. त्याने फक्त उत्तरं लिहायची, बाकी काही नाही.

संपल्यावर ते कागद अशा माणसाला वाचायला द्या, जो तिथे नव्हता. शेजारच्या काकांना द्या, आईला द्या. विचारा, की आरोपीने मारलं असं वाटतं का? तुम्ही खोलीत कितीही रंगून बोलला असाल, त्यांना कागदावरून ते पटलं नाही तर तुमची केस तिथेच संपली. मग भूमिका बदला आणि पुन्हा चालवा. साक्षीदार होऊन उभे राहाल, तेव्हा लांब प्रश्न किती जाचतो, ते कळेल.

सनद मिळाल्यावर, अनुभवाची अट पूर्ण झाली की विधी सेवा प्राधिकरणात नाव नोंदवा. गरिबाच्या केसमध्ये फी कमी असेल, पण साक्षीदार पूर्ण तपासायला मिळतो, आणि केस चालवायला शिकण्याची तीच खरी जागा आहे. त्या माणसाची खोली, नोकरी किंवा स्वातंत्र्य तुमच्या प्रश्नांवर अवलंबून असतं, म्हणून गरिबाची केस सरावाची म्हणून कधीही चालवू नका. सराव आधी करा, गच्चीवर करा.

परीक्षा संपायची वाट पाहू नका. येत्या सोमवारी वही घेऊन भोईवाड्याच्या कोर्टात जा, मागच्या बाकावर बसा आणि पहिलं पान दोन भागांत आखा.